ब्याऐंशीवरची शीळ

भूतबित असल्या गप्पा सुरू झाल्या की मी सरळ उठून चहा टाकायला जायचे. प्राणिशास्त्र शिकवते मी. दिसलं, मोजलं, लिहिलं — एवढ्यावरच माझा विश्वास. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय, पण घडलंय ते घडलंय.

सत्त्याण्णव साल, नोव्हेंबर. आम्ही सानपाड्याला राहायचो. दिघ्याच्या डोंगरात एका दगडखाणीला लागून जुनी गुहा होती. तिथे पाकोळ्या — किडे खाणारी लहान वटवाघळं — राहायच्या. त्यांची शीळ माणसाला ऐकू येत नाही. त्यासाठी माझ्याकडे मशीन होतं: चकती फिरवायची, कुठल्या आकड्यावर आवाज हेडफोनमध्ये स्वच्छ येतो ते बघायचं, त्यावरून जात ओळखायची. या पाकोळ्या ब्याऐंशीवर बोलायच्या. सोबत सगळं कॅसेटवर रेकॉर्ड व्हायचं.

मदतीला आमच्या लॅबचा रऊफ, उरणचा. घरी तीन महिन्यांची मुलगी, त्यामुळे सहा वाजले की ह्याचा सगळा जीव बसमध्ये! आमची पद्धत ठरलेली — पाकोळ्या बाहेर पडताना तो नजरेने मोजणार, मी ऐकणार. शीळ थांबली की त्याने टॉर्च घेऊन आत जायचं, मागे राहिलेल्या मोजायच्या. मशीन गप्प झाल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही, हा माझा नियम.

त्या रविवारी सहाच्या सुमारास शीळ सुरू झाली... इतकी दाट मी कधीच ऐकली नव्हती.

"किती झाल्या रे?"

"एक पन नाय, मॅडम."

"नीट बघ!"

"अल्ला कसम, मच्छर पन भायेर नाय आला. तुमचा मशीन बिघडलाय. मी जातो आत, बस जाईल माझी."

मला भयंकर राग आला. चकती फिरवली — सत्तरवर शांत, नव्वदवर शांत. ब्याऐंशीवर मात्र अगदी कानाशी कल्लोळ. आणि डोळ्यांसमोर गुहेचं तोंड रिकामं! अजून चांगला उजेड होता हो...

रऊफ उठला, चार पावलं गेलासुद्धा. मी ओरडले, "नियम म्हणजे नियम! मागे फिर!"

तो पुटपुटत वळला आणि गुहेचं छत धाडकन खाली आलं. धूळ बसली तेव्हा तो माझ्याशेजारी उकिडवा बसला होता. गुहेचं तोंड पार बुजलं होतं.

खाणीचा रखवालदार धावत आला. मी रडतच म्हटलं, "अहो, आत शेकडो पाकोळ्या अडकल्यात!"

तो बघतच राहिला. "कंच्या पाकोल्या, बाय? परवाच्या सुरुंगाचा धूर आत भरला, तवाच मेल्या सगल्या. दोन घमेली भरून मीच टाकल्या."

त्याने जागा दाखवली. खरंच होतं. मोजायची हिंमत झाली नाही.

कॅसेट मी एका जाणकार सरांना पाठवली, जात कुठली आणि गुहेच्या तोंडाशी रेकॉर्ड केलंय, एवढंच लिहून. पंधरा दिवसांनी पत्र आलं: 'जात तुम्ही ओळखलीत तीच. निदान दोनशे तरी असाव्यात. पण नवल वाटतं — एकीचाही आवाज लांब जात नाही, सगळ्या तोंडाशीच घिरट्या घालतायत. कुणाला आत येऊ देत नसल्यासारख्या. असं का, काही कल्पना?'

किती वेळा कोरं आंतर्देशीय पत्र घेऊन बसले. ते अजूनही तसंच कोरं आहे.