साहेब, तीन मिनिटं झाली!

आमच्या सोलापूरच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये पुण्याची लाईन बंद पडली, की किस्से सुरू व्हायचे. आम्ही ऑपरेटर बायका कानाला हेडफोन लावून दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून देणार, आणि स्वतःचं मात्र गिळणार. गिळलेला राग काही जिरत नाही. तो पोटात किस्सा होऊन बसतो. माझ्या पोटात असे बरेच बसलेत, पण सगळ्यात जास्त एकाच रविवारचे आहेत. त्या दिवशी सकाळी माझ्या मुलाची, रवीची खो-खोची मॅच, संध्याकाळी मुलीचं, नंदूचं शाळेतलं गॅदरिंग, आणि मधे आमच्या सेक्शनची हुरडा पार्टी!

*

पार्टीची तारीख आमच्या सुपरवायझर साहेबांनी ठरवली. आमच्या पाठीमागे उभं राहून त्यांनी मोठ्यांदा विचारलं, "रविवार सगळ्यांना चालतोय की?" मग स्वतःच म्हणाले, "चालतोय!"

मी दुपारी त्यांच्या टेबलाशी गेले आणि सांगितलं, की माझ्या मुलीचं गॅदरिंग त्याच दिवशी आहे.

"मग तेव्हाच बोलायचं की, जाधवबाई!"

"साहेब, माझ्या कानात हैदराबाद होतं, तोंडात मुंबई होती. बोलणार कुठून?"

"म्हणजे विरोध न्हवता," साहेब म्हणाले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला!

*

मुलांच्या बाबतीत साहेबांचं एक ठरलेलं वाक्य असायचं. आमची पद्मा विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी, पण भांडायला मराठीच घ्यायची. तिनं एकदा मुलाच्या शाळेसाठी ड्यूटी बदलून मागितली. साहेब लगेच म्हणाले, "आमालाबी पोरं हायत की! आम्ही कधी ड्यूटी बदलून मागतो का?"

पद्मानं शांतपणे विचारलं, "धाकटा कितवीत आहे साहेब आता?"

साहेबांनी छताकडे बघितलं. पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "जरा घरी फोन लावून द्या."

*

हुरड्याची कामं वाटायची वेळ आली. शेंगाचटणी माझ्याकडे, लसणाची पद्माकडे, दही दुसऱ्या शिफ्टच्या बायकांकडे. "आणि पुरुष मंडळी?" मी विचारलं.

आमचे क्लार्क शिंदे छाती काढून म्हणाले, "व्यवस्था आमच्याकडे!"

रविवारी कळलं, व्यवस्था म्हणजे एक सतरंजी आणि पत्त्यांचा जोड. सतरंजीसुद्धा पद्माच्या घरची होती.

*

नंदू तेव्हा तिसरीत होती. गॅदरिंगला वेशभूषा स्पर्धा. वर्गातल्या निम्म्या मुली झाशीची राणी, उरलेल्या भाजीवाल्या. आमच्या नंदूला व्हायचं होतं टेलिफोन ऑपरेटर! मी बूटपॉलिशच्या डब्यांची झाकणं हेअरबँडला शिवून तिला हेडफोन करून दिला. बोलायचं काय ते तिला शिकवायची गरजच नव्हती. घरी कुणी न्हाणीघरात रेंगाळलं की मी दारावर थाप मारून ओरडायची, "तीन मिनिटं झाली, बाहेर ये!" ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली की आम्ही मधे पडून हेच सांगायचो; कुणी एक्स्टेन्शन, म्हणजे आणखी तीन मिनिटं मागितली, तर मागं कॉल थांबलेले नसले तरच द्यायचो. ती सवय माझ्या अंगात भिनली होती.

मागच्या वर्षी तिच्या गॅदरिंगच्या दिवशी मला ऐनवेळी ड्यूटीवर थांबवलं. पोरगी स्टेजवर गेली, माझी खुर्ची रिकामी बघितली, आणि तोंडातून शब्द न काढता खाली उतरली. घरी आल्यावरसुद्धा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. या वर्षी तिनं एवढंच सांगितलं, "आई, तू दिसली नाहीस तर मी विंगेतनं बाहेर येणारच नाही."

*

रविवारी पहाटे उठून मी शेंगदाणे भाजले, कुटले, माझी एक साडी नंदूच्या मापाला टाचून ठेवली, रवीचा शर्ट धुतला, दोघांचे डबे भरले. आमच्या ह्यांनी रवीला मॅचला नेलं. म्हणजे सायकलवर मागं बसवून मैदानावर सोडलं.

शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "नशीबवान आहात हो! पोरांचं किती करतात तुमचे मिस्टर!"

माझ्या हातात तेव्हा खलबत्ता होता. काकू वरच्या मजल्यावर होत्या म्हणून वाचल्या.

*

अक्कलकोट रोडला साहेबांच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं रान होतं. आगटी पेटली, कणसं भाजली, पुरुष मंडळी सतरंजीवर पत्ते घेऊन बसली. आम्ही बायका वाकून वाकून हुरडा वाढतोय, चटणी वाढतोय, "अजून दही घ्या" म्हणतोय.

शेताची मालकीण, मालनबाई, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत होती. मग मला म्हणाली, "बाई, तुमी बी त्यांच्यावानीच हापिसात नोकरी करता न्हवं?"

"हो."

"पगार बी घेता?"

"घेते की."

"मग हितं कुणाच्या लगनात वाडपी म्हणून आलाय?"



*

दुपारी निघायचं ठरलं होतं. सगळ्यांना मिळून एकच टेम्पो. पण निघायच्या आधी साहेब 'दोन शब्द' बोलायला उभे राहिले. कामातली एकजूट, सेक्शन म्हणजे एक कुटुंब, वगैरे. मी उठले. "बसा हो बाई, घर काय पळून जातंय का?" पुन्हा उठले. पुन्हा बसवली. ऊन उतरायला लागलं, ड्रायव्हर झोपला, साहेबांचं कुटुंब काही संपेना. मला खरंच रडू येत होतं, आणि ते रागाचं होतं. विंगेत उभी राहिलेली ती झाकणांचा हेडफोन घातलेली पोरगी मला समोर दिसत होती.

टेम्पो निघाला. मी ड्रायव्हरला शाळेसमोर थांबवायला सांगितलं, तर साहेब म्हणाले, "चला, आमीबी बघतो की तुमची पोरगी!" आणि अख्खा सेक्शन माझ्यामागे उतरला.

*

हॉलच्या दारातच मुख्याध्यापिका भेटल्या. त्यांच्या शाळेनं टेलिफोनसाठी अर्ज करून किती वर्षं झाली होती ते त्यांचं त्यांनाच माहीत. एक्सचेंजचे साहेब आलेत म्हटल्यावर बाईंनी त्यांना हाताला धरून थेट स्टेजवर नेलं. हार घातला, नारळ दिला, आणि म्हणाल्या, "दोन शब्द बोलावेत!"

वेशभूषा थांबली. राण्या आणि भाजीवाल्या विंगेत ताटकळल्या. मी धावत पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिले, पण नंदू दिसेना.

साहेब माईकसमोर उभे राहिले. कामातली एकजूट. शाळा म्हणजे एक कुटुंब. पुढच्या बाकांवरची बारकी पोरं झोपायला लागली. माझ्या शेजारी पद्मा दातओठ खात पुटपुटत होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. दिवसभर तेच केलं होतं!

तेवढ्यात विंगेच्या पडद्याआडून नंदू डोकावली. टाचूनसुद्धा पायात घोळणारी माझी साडी, डोक्यावर झाकणांचा हेडफोन. तिनं खाली बघितलं. मी दिसले. मग ती बाहेर आली, मुलांसाठी बुटका करून ठेवलेल्या दुसऱ्या माईकसमोर उभी राहिली आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाली, "साहेब, तीन मिनिटं झाली!"

साहेब वाक्याच्या मधेच थांबले. सवयीनं बोलून गेले, "अं... एक्स्टेन्शन द्या."

"मिळणार नाही," नंदू म्हणाली. "मागं कॉल थांबलेत."

आणि साहेब नारळ घेऊन मुकाट्यानं खाली उतरले!