सोवळं आणि शिंक

महालक्ष्म्यांच्या दिवशी सकाळी साडेनवापर्यंत माझ्या तीन आंघोळी झाल्या. पुरण शिजत होतं, सोळा भाज्यांपैकी सहा झाल्या होत्या, कढीला मिरचीची फोडणी घातली आणि मला शिंक आली. एकच, पण जे व्हायचं ते झालं. अंगावर सोवळ्याचं लुगडं, म्हणजे आदल्या दिवशी धुऊन कुणाचा हात न लागता वाळवलेलं. नैवेद्य त्यातच रांधायचा. ते असं भिजलं की सोवळं मोडलं. गॅस बंद, पुन्हा आंघोळ, आणि वाळलेलं दुसरं उरलं नव्हतं म्हणून पिळलेलं ओलंच नेसायचं.

"परत न्हायलीस का गं?" बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं.

"पाल पडली अंगावर!" मी ओरडले. आधीच्या वेळी झुरळ सांगितलं होतं.

सेहेचाळीस वर्षांची बाई मी, शाळेत मुलींना खरं बोलायला शिकवते. शाळा चारठाण्याच्या पलीकडं, परभणीहून एस.टी.नं जायचं. त्या प्रवासापायी मी पाणीच तोडलं होतं. सकाळी घर सोडल्यापासून संध्याकाळपर्यंत घोट नाही, भर उन्हाळ्यातसुद्धा. साड्या गडद रंगाच्याच. नव्या जागी गेलं की आधी मोरी कुठंय ते बघायचं. हसू आलं तरी मांड्या आवळून हसायचं, त्यापेक्षा न हसलेलं बरं. बाई फार चिडक्या आहेत, असं शाळेत म्हणत. होतेच मी चिडकी.

महालक्ष्म्या गेल्या आणि मी सासूबाईंना सांगून टाकलं, "आई, पुढच्या वर्षी स्वयंपाकाला बाई लावा. मला जमणार न्हाई."

"का? काय झालं?"

"शिंकलं की लघवी होती मला!"

एवढ्या जोरात म्हणाले की त्या उठल्या आणि आधी गॅलरीचं दार लावून आल्या. मग पलंगाच्या कडेला बसल्या. मला वाटलं, आता बाटवाबाटवीवरून ऐकावं लागणार.

"मी स्वयंपाक का सोडला वाटतं तुला?" त्या म्हणाल्या.

नऊ वर्षांपूर्वी त्यांनी पळी माझ्या हातात दिली, तेव्हा गुडघे गेले असं सांगितलं होतं. मी मनातल्या मनात त्या गुडघ्यांची लय टर उडवली होती, कारण जिने तर बाई बऱ्या चढत होत्या. पिंगळीला त्यांची धाकटी बहीण राहते, रेल्वेनं एवढंसं अंतर, तिकडं जाणंही त्यांनी बंद केलं होतं. मी त्याला मानपान समजत होते.

मला रागच आला. "मला सांगायचं न्हाई का?"

"तू सांगितलंस का?"

एकाच मोरीत, एकमेकींची नजर चुकवून, आम्ही दोघी नऊ वर्षं कपडे धूत होतो.

त्याच आठवड्यात बायकांच्या डॉक्टरकडं गेलो. तिनं सरळ विचारलं, खोकलं-शिंकलं की होतं, का घाई लागून पोचेपर्यंत होतं? दोन्हींचे इलाज वेगळे असतात, हेच मला माहीत नव्हतं. माझं पहिल्या प्रकारचं. पाणी तोडल्याबद्दल तिनं चांगलं झापलं. त्यानं लघवी दाट होते आणि लघवीची पिशवी आणखी चिडते म्हणे. मग खालचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम शिकवला, रोज तीनदा, आणि तीन महिने तरी धीर धरा म्हणाली. नाहीच भागलं तर ऑपरेशनही असतं. मी एस.टी.त बसल्या बसल्या आवळून धरायचे आणि दहा अंक मोजायचे. शेजारणीला काय कळणार!

सासूबाई मात्र पायरीवरूनच परत फिरल्या. "या वयात कोण बघू देणार?" पुढच्या खेपेला मी त्यांचा हात धरून आत नेलं, जरा ओढलंच म्हणा. त्यांचं अंग, म्हणजे गर्भाशय, खाली आलं होतं. डॉक्टरनं आत एक मऊ रिंग बसवली, ना चिरणं ना टाके. ठरल्या वेळी जाऊन ती तपासून घ्यायची, एवढंच. रिक्षा घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "एवढंच होतं?" आणि डोळ्याला पदर लावला.

माझं अजून पूर्ण थांबलेलं नाही. जोराची शिंक आली की अजून धस्स होतं. पण पाणी पिते.

यंदाच्या महालक्ष्म्यांना सासूबाईंनी काठीनं दांडीवरचं सोवळ्याचं लुगडं स्वतः उतरवलं. "सरक बाजूला," म्हणाल्या. मी दारात उभी राहिले. त्यांनी कढीला फोडणी दिली, मिरचीचा ठसका उठला आणि त्यांना शिंक आली. पाठोपाठ दुसरी. त्या थांबल्या. मीही श्वास धरला. पाठमोऱ्याच त्यांनी लुगडं मागून चाचपून बघितलं.

मग त्यांनी पळी उचलली आणि कढी ढवळायला लागल्या.