हमसवरचं तेल

मागच्या मे महिन्यात माझी सून पुण्याहून जळगावला आठ दिवसांसाठी आली आणि दुसऱ्याच दिवशी परत गेली. ऑफिसचं काम निघालं म्हणे. काम कसलं, आमच्या गल्लीने पळवून लावलं तिला. मे महिन्यात आम्ही बाया एकेकीच्या घरी जमून उडदाचे पापड लाटतो. पापड पाच किलोचे आणि चौकशा दहा किलोच्या. लग्नाला चार वर्षं झाली ना, मग गोड बातमी कधी? डॉक्टर कोणता? फैजपूरला एक वैद्य आहेत, नेऊ का? पोरगी खाली मान घालून लाटत राहिली. आणि मी काय केलं? चहा टाकला.

यंदा मुलाने फोनवर बजावलं, की तिला कोणी एक शब्द विचारला तर आमचं येणंच बंद. मी शब्द दिला. तिचं मन रमावं म्हणून वर हेही ठरवलं, की पापडाच्या दिवशी तिच्या आवडीचं हमस करायचं. हमस म्हणजे काबुली हरभऱ्याची चटणी, पण तिला चटणी म्हणायचं नाही, असं मोबाईलवरची बाई सांगते. फार गोड बोलते ती. घरात ताहिनी असेलच, म्हणते. बये, माझ्या घरात या उन्हात बर्फ टिकत नाही, ताहिनी कुठून असेल? पण ताहिनी म्हणजे वाटलेले तीळच, हे कळल्यावर मी कढई चढवली. शेजारच्या अक्का वासाने आल्या आणि वैशाखात तीळ खाऊन बठ्ठ्यांचे, म्हणजे सगळ्यांचे, घोळणे फुटून नाकातून रक्त येईल, असं बजावून गेल्या. मी ऐकते होय? लिंबाऐवजी कैरी घातली, वर भाजलेली हिरवी मिरची. राहिलं फक्त ऑलिव्हचं तेल.

ते आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं, बाळाच्या मालिशसाठी. छोटीशी बाटली, वर गुटगुटीत बाळाचं चित्र, आणि खाली बारीक अक्षरांत खाण्यासही योग्य. दुकानदार बाटली देताना हसला. "काय काकू, आजी होणार वाटतं?"

नाही रे भाऊ, हरभऱ्यावर ओतायचंय, एवढंच म्हणायचं होतं. मी नुसती हसले आणि पिशवी उचलली.

तेवढं पुरलं. मेडिकलपासून माझं घर चार दारांवर आहे, पण बातमी माझ्या आधी पोहोचली.

पापडाच्या दिवशी, आदल्याच संध्याकाळी आलेल्या सुनेला कोणी पोळपाटाला हात लावू देईना. एकीने पाठीशी उशी दिली, दुसरीने पंखा तिच्याकडे वळवला, तिसरीने कैरीची फोड हातात ठेवली. सून बिचारी सगळ्यांना थँक्यू म्हणत होती. तिला वाटलं, गल्ली सुधारली. तेवढ्यात अक्कांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मायेने विचारलं, "मालिशचं तेल आणलं म्हणे. कितवा महिना, बेटा?"

सगळ्यांची लाटणी थांबली. सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती उठून आत गेली आणि मला वाटलं, संपलं, आता बॅग भरते ही. पण ती एका हातात हमसचा वाडगा आणि दुसऱ्या हातात ती बाटली घेऊन बाहेर आली. सगळ्यांसमोर वाडग्यात तेल ओतलं, पापडाची एक लाटी त्यात बुडवून खाल्ली आणि वाडगा पुढे केला. "तेल यासाठी आणलंय, अक्का. घ्या."

अक्कांनी बाटलीवरच्या बाळाकडे पाहिलं, मग वाडग्याकडे. बोटाने चाटून बघितलं. "हाई ते गार पिठलं शे," म्हणाल्या आणि लाटायला लागल्या. पुढे महिन्याची गोष्ट कोणी काढली नाही. तीळ उष्ण असूनही अक्कांनी दोनदा मागून घेतलं.

दुपारी बाया गेल्यावर आम्ही दोघी भांडी घासत होतो. मी तिला मेडिकलमधलं सगळं सांगून टाकलं. तिने एवढंच विचारलं, की तुम्ही त्याला 'नाही' असं का म्हणाला नाहीत?

"मला ऐकायला बरं वाटलं गं," मी म्हणाले. सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गल्लीला नावं ठेवत होते, आणि गल्लीत सगळ्यात पुढे मीच.

ती तोच वाडगा विसळत राहिली. मग म्हणाली, "मलापण. अक्कांनी विचारलं ना, तेव्हा. क्षणभर."

पाच वर्षं मी तिला काही विचारलं नव्हतं आणि त्याला समजूतदारपणा म्हणून मिरवत होते. तिलाही हवं असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी ओट्यावरची बाटली घेतली आणि वरचं बाळ नखाने खरवडायला लागले.

तिने ओल्या हाताने बाटली माझ्याकडून काढून घेतली, स्वतःच्या ओढणीला पुसली आणि मिठाच्या बरणीशेजारी ठेवली.

"असू द्या, आई. अजून सहा दिवस आहे मी. लागेल."