निजेचं गाऱ्हाणं

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण त्याच्यापुढे उभं राहायला मला तोंड नव्हतं. मोठ्या लढाईत मी पलटणीबरोबर इटलीच्या डोंगरांत होतो. परत आलो तो छातीवर बिल्ले लावून. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा लागायचा तेव्हा मास्तर मला पहिल्या खुर्चीवर बसवत, पोरं टाळ्या वाजवत आणि मी मान खाली घालून बसे. लोक म्हणत, केवढा हा विनय! विनय कसला, लाज होती ती. या शूर शिपायाला झोपेतून उठवायचं झालं तर त्याची बायको दारात उभी राहून काठीने उंबरा वाजवते, जवळ येत नाही, हे मास्तरांना कुठे ठाऊक होतं?

त्या काठीमागची गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. खंदकात आम्ही पाळीपाळीने झोपायचो. पहारा बदलायची वेळ झाली की जोडीदार पायाला हात लावून उठवायचा, कारण बोलायची सोय नसे. एकदा असाच पायाला हात लागला, मी डोळे उघडले आणि समोरचा चेहरा आमच्यातला नव्हता. पुढचं माझ्या हातांनी केलं, मी ते नंतर पाहिलं. त्याच्याजवळ हत्यार सापडलं नाही. तो मारायला आला होता, शरण यायला की नुसतं पाणी मागायला, हे मला आजही माहीत नाही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत बायकोने मला पाय हलवून जागं केलं आणि मी तिचा गळा धरला. तिने माहेरी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी आंबे काढायच्या काठीचा एक तुकडा तोडून दाराआड ठेवला, आणि तो आमच्या घरचा नियम झाला.

आमची लेक सात वर्षांची झाली तोवर नियम पाळला गेला. एका दुपारी जेवून मी माजघरात आडवा झालो होतो. बायकोने चुलीवरून चहा उतरवला आणि लेकीला म्हणाली, बाबांना हाक मार, पण दारातून हो. काठी जागेवर नव्हती. पोरीला वाटलं, पायाला जरा हात लावला तर काय होतंय! मी भानावर आलो तेव्हा ती भिंतीपाशी पडली होती आणि तिचा उजवा हात भलत्याच बाजूला वळला होता. ती रडत नव्हती. अनोळखी कुत्र्याकडे बघावं तशी माझ्याकडे बघत होती.

कणकवलीला नेऊन हात बांधून घेतला. जाता-येता मोटारीत लेकीकडे बघून जो तो विचारी, चेडवाक काय झाला? मी तोंड उघडायच्या आत ती सांगायची, "मी पडलंय पायरेवरसून." तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. माझी अब्रू झाकायला माझी पोर खोटं बोलत होती आणि मी, बिल्ले मिळवलेला माणूस, खिडकीबाहेर बघत बसलो होतो. तेवढी लाज मला खंदकातसुद्धा वाटली नव्हती.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "आता पुरे झाला. रवळनाथाक गाऱ्हाणा घालूया. तुमका बोलाक लाज वाटता, तर मी बोलतंय."

आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे मनातल्या मनात केलेली प्रार्थना नव्हे. देवापुढे नारळ ठेवायचा, गावचा मानकरी आपलं दुःख मोठ्याने देवाला सांगतो आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतो. म्हणजे देवाआधी गावालाच कळतं. मी मानकऱ्याला बाजूला घेऊन म्हणालो, घरात शांती राहू दे, एवढंच सांगा. म्हातारा कानाने जड आणि जिभेने तिखट. भर सभामंडपात ओरडला, "असा आडून आडून देवाक काय समाजतला? नीट सांग, मगे मी सांगतंय."

मंडपात देवळाच्या वर्धापनाची गर्दी होती. लेक झोळीत हात अडकवून आईच्या पदराआडून बघत होती. तिने तोंड उघडलेलं मला दिसलं आणि कळलं, ती आता पुन्हा पायरी सांगणार. माझ्याने ते ऐकवलं नसतं.

"निजेत माझो हात उठता," मी म्हणालो. "माझ्या चेडवाचो हात मियां मोडलो."

ज्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या तेच सगळे समोर होते. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात बायकांच्या मागून एक म्हातारी आवाज चढवून एकटीच म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

बायका सहसा असा पुकारा करत नाहीत. ती पुढे आली. मासे विकणारी असावी, हातात पाटी होती. पाटीतला नारळ तिने आपल्या मुलाच्या नावाने माझ्या नारळाशेजारी ठेवला. "माझ्या झिलाचाय सांग, गावकारा. लढायेसून इलो तो अजून भायरच निजता. घरात नीज येणा नाय तेका."

मग आणखी एक नारळ आला, आणखी एक. आमच्या भागातून किती घरांतले गेले होते, आणि मी समजत होतो मी एकटाच! मानकऱ्याने हात जोडले. "बा देवा रवळनाथा! लढायेक गेलली तुझी लेकरा परत इली, पण तेंची नीज थंयच ऱ्हवली. ती तेंका हाडून दी रे म्हाराजा!" सगळा मंडप गरजला. मग तो म्हणाला, "आणि तेंच्या हातान जे गेले, तेंकाय बरी जागा दी रे म्हाराजा!"

मी त्याला त्या माणसाबद्दल काही सांगितलं नव्हतं. लढाईत माणसाच्या हातून कोणीतरी जाणारच, हे कोणालाही सुचेल, मी वाद घालत नाही. पण इतकी वर्षं ज्याच्यासाठी कोणी हात जोडले नव्हते, त्याच्यासाठी माझा गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला आणि मी देवळाच्या फरशीवर बसून पोरासारखा रडलो. ती म्हातारी मिठबावची, असं कोणी म्हणालं. मी तिथे जाऊन विचारलं, पण पत्ता लागला नाही. कुणाची पाहुणी असेल.

झोप काही एका नारळाने सुधारली नाही. स्वप्न येतं, मी ओरडतो, काठी अजून दाराआड आहे. पूर्वी मी ओरडलो की घर श्वास रोखून बसायचं. एका दुपारी मी असाच ओरडलो आणि दारातून बारीक, खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

मी उठून बसलो. लेक उंबऱ्यावर उभी होती, बरा झालेला हात चौकटीवर ठेवून. थट्टा नव्हती ती. कोणी गाऱ्हाणं घातलं की उत्तर द्यायचं, एवढंच तिला माहीत होतं. ज्या देवापुढे उभं राहायला मला तोंड नव्हतं, त्याने माझ्यासाठी तिला उभं केलं होतं. मी हात पुढे केला आणि म्हणालो, "ये गो."

ती आत आली.