रुमालाखालचा भाव

गेल्या वर्षीच्या जानेवारीची बारा तारीख, रविवार. रक्कम तेहेतीस हजार. हजर आम्ही चौघं: माझे वडील, ज्यांना घरात सगळेच नाना म्हणतात; मी; माझी बायको; आणि धुळ्याला नर्सिंग शिकणारी मुलगी, जी संक्रांतीसाठी शहाद्याला घरी आली होती. विकायची वस्तू समोर स्टुलावर ठेवलेली होती. नानांचा रेकॉर्ड प्लेअर.

नानांनी एकतीस वर्षं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा केला. लग्नं, जत्रा, नव्या दुकानांची उद्घाटनं. वर डोंगरात मोलगीच्या बाजूला वीज नव्हती तेव्हा जीपमध्ये बॅटरी आणि भोंगे टाकून जात, दोन-दोन दिवस येत नसत. प्लेअर त्यांनी सुरतेला एक थिएटर बंद पडलं त्याच्या सामानातून घेतला होता. विलायती बनावटीचा. वजन साडेअकरा किलो, जाड ओतीव थाळी आणि तिला फिरवणारं आतून एक रबराचं चाक. कॅसेटी आल्यावर तो गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेला. पुढे भोंगे किलोच्या भावाने भंगारात गेले, अ‍ॅम्प्लिफायर गेला. प्लेअर राहिला, कारण भंगारवाल्याने त्याचे ऐंशी रुपये सांगितले आणि नाना शंभरावर अडले.

त्या प्लेअरला आता किंमत आहे हे मुलीने मोबाइलवर शोधून काढलं. जुन्या वस्तूंचा लिलाव करणाऱ्या एका साइटवर असाच एक प्लेअर अठ्ठावीस हजारांना गेलेला होता. मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. आकडा पाहिल्यावर आधी शून्यं मोजतो. शून्यं बरोबर होती.

पैशांची गरज होती ती नानांच्या कानांसाठी. भोंग्याखाली उभं राहून आवाज लावणं हेच त्यांचं काम, त्यामुळे कान धंद्यातच गेले होते. डिसेंबरात नंदुरबारला तपासणी केली. तपासणाऱ्या बाईंनी पंचवीस शब्द उच्चारले आणि ते नानांना परत म्हणायला लावले. उजव्या कानाने सतरा बरोबर आले, डाव्याने पंधरा. दोन्ही कानांना यंत्र बसवा, उशीर करू नका, असं त्यांनी सांगितलं. जोडीचे छत्तीस हजार. त्याआधी शिबिरात मिळालेलं एक फुकटचं यंत्र नानांनी आठ दिवस वापरून पाहिलं होतं. ते शिटी मारायचं, म्हणून त्यांनी ते काढून भिंतीतल्या देवळीत ठेवून दिलं.

छत्तीस हजार मी भरणार होतो. नानांनी ऐकलं नाही. पोरीच्या फीचे पैसे कानात घालणार नाही, असं म्हणाले. मग प्लेअरची किंमत निघाली तेव्हा त्यांना यंत्र घेणं पटलं. "मन्हा कानले मन्हाच मालना पैसा लागतीन," ते म्हणाले. माझ्या कानाला माझ्याच मालाचे पैसे लागतील. म्हणून लिलावात कमीत कमी किंमत त्यांनीच सांगितली, छत्तीस हजार. त्याखाली सौदा होणार नव्हता.

त्या रविवारी बोली साडेएकतीसवर थांबली. थोड्या वेळाने बोली लावणाऱ्या पुण्याच्या माणसाचा निरोप आला: तेहेतीस देतो, आज होकार द्या. मुलीने नानांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन निरोप वाचला. तेव्हा त्यांना कळायचं. मी म्हटलं, तीन हजार मी घालतो, विषय संपवू. नानांनी मुलीला विचारलं, गेल्या महिन्यात किती भाव होता? अठ्ठावीस. आणि आज तेहेतीस?

"चढता भावमा कोनी माल काढस का?" त्यांनी मला विचारलं. "तू तं जिनिंगमा बसस."

आमच्याकडे भाव चढत असताना कापूस कोणी बाहेर काढत नाही. बाहेरची खोली छतापर्यंत भरते, माणसं मधल्या खोलीत झोपतात, पोरांच्या अंगावर खाज उठते, तरी कापूस घरात राहतो. मी रोज अशा लोकांचे आकडे लिहितो. थांबलेल्यांना जास्त मिळालेलं मी पाहिलेलं आहे, कमी मिळालेलंही पाहिलेलं आहे. पण भाव वर जात असताना विकणाऱ्याला आमच्याकडे शहाणा म्हणत नाहीत. पुण्याच्या माणसाला नकार कळवला.

बायको म्हणाली, कापूस घरात ठेवला की खाज तरी सुटते, आठवण राहते. ह्या पेटीची कोणाला आठवण राहणार?

आठवण राहिली, फक्त भावाची. मी जिनिंगमधून आलो की नाना ओट्यावर वाट पाहत असत. "कितला?" एवढंच विचारत. मी मोबाइलवर साइट उघडून पाही. मार्चमध्ये तसाच एक प्लेअर अडतीसला गेला. जूनमध्ये चव्वेचाळीस. मुलीने फोनवर समजावलं की मोठ्या शहरांतली तरुण मुलं पुन्हा रेकॉर्डी ऐकायला लागली आहेत, आणि असं वजनदार थाळीचं यंत्र आता कोणी बनवत नाही. नानांना कारणाशी देणंघेणं नव्हतं. प्रत्येक वेळी ते कमीत कमी किंमत चढवायला सांगत आणि मी ती चढवत असे.

हा भाव मी त्यांना ओरडून सांगत नसे. ओट्यावरून ओरडलं की गल्लीला ऐकू जातं, आणि भाव गल्लीला कळता कामा नये. नानांचे वडील बैलांचे व्यापारी होते. बैलबाजारात दोघं जण एका रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून किंमत ठरवतात; बाजूला उभ्या माणसाला काही समजत नाही. नानांना ते लहानपणापासून येत होतं, त्यांनी मलाही शिकवलं होतं. मग आम्ही तसंच करायला लागलो. मी शेजारी बसे. ते खांद्यावरचा रुमाल आमच्या हातांवर टाकत. मी चार बोटं दाबी, थांबे, पुन्हा चार दाबी. चव्वेचाळीस. ते मान हलवत.

दोघांनाही त्यात गंमत वाटायची. कधी मी मुद्दाम कमी दाबत असे, आणि ते हात झटकून म्हणत, "तुन्हा बापले फसाडस?" बापाला फसवतोस? हसत. दिवसभरात ते एवढंच हसत.

बाकी बोलणं हळूहळू कमी झालं होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही. नीट सांगायचं तर लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ मी वेगळा लावला. बायको त्यांना जेवायला हाक मारण्याऐवजी ताट समोर नेऊन ठेवू लागली. त्यांच्या बरोबरीचा एक म्हातारा रोज संध्याकाळी यायचा, तो आठवड्यातून एकदा येऊ लागला, मग आलाच नाही. मला वाटलं, वय झालं. भावाचं आमचं चोख चाललं होतं. रुमालाखाली एकही चूक होत नव्हती. त्यामुळे नाना सगळं समजून घेतात असंच मी धरून चाललो होतो.

ऑक्टोबरात भाव बावन्नला गेला. दिवाळीला मुलगी घरी आली. नऊ महिन्यांनी ती नानांजवळ निवांत बसत होती. मधल्या परीक्षांमुळे उन्हाळ्यातही तिला चार दिवसांपेक्षा जास्त राहता आलं नव्हतं. भाऊबीजेच्या दुपारी ती ओट्यावर त्यांच्या उजव्या बाजूला बसली, जानेवारीत नेलं होतं तसं तोंड कानाशी नेलं आणि म्हणाली, "नाना, जेवनात का?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. मग खांद्यावरचा रुमाल काढला आणि त्याखाली तळहात पुढे केला.

तिने पुन्हा विचारलं, मोठ्याने. ते म्हणाले, "पंचावन?"

तिने रुमालाखाली हात घातला आणि त्यांचा हात नुसता धरून ठेवला. नाना कोणतं बोट दाबलं जातंय ह्याची वाट पाहत राहिले. मी दारात उभा होतो. मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "पप्पा, आते ईकी टाका." आता विकून टाका.

मी नानांजवळ बसलो. प्लेअरकडे बोट दाखवलं, मग हाताने न्यायची खूण केली. ते म्हणाले, भाव अजून जाईल. मी कानाला हात लावला. त्यांनी माझ्या कानाकडे पाहिलं, स्वतःच्या कानाला हात लावला आणि होकाराची मान हलवली.

विकण्याआधी बोली लावणाऱ्यांना प्लेअर चालतानाचा व्हिडिओ हवा होता. मी उसना अ‍ॅम्प्लिफायर जोडून लग्नात वाजवायची सनईची एक रेकॉर्ड लावली. नाना पेटीवर तळहात ठेवून उभे राहिले. रेकॉर्ड संपली, सुई आतल्या कडेला नुसती घासत राहिली, तरी त्यांनी हात उचलला नाही. थाळी फिरते आहे एवढं त्यांना हाताला कळत होतं. सनई संपल्याचं मी त्यांना खांद्याला हात लावून सांगितलं.

आतलं रबर एका जागी झिजलेलं होतं, ते मी वर्णनात लिहिलं. त्यामुळे बोली थोडी कमी आली असेल. चोपन्न हजारांना गेला. साइटने पाच टक्के कापले, दोन हजार सातशे. सुताराकडून खोका आणि पुढे ट्रान्सपोर्ट मिळून दोन हजार तीनशे. हातात आले एकोणपन्नास हजार. रुमालाखाली मी आधी चार दाबली, मग आख्खा पंजा, मग चार. नाना समाधानी दिसले. जानेवारीपेक्षा सोळा हजार जास्त, हे त्यांनी स्वतःच मोजून सांगितलं.

मग आम्ही नंदुरबारला गेलो. त्याच बाई, तीच खोली, पंचवीस शब्द. मी काचेबाहेर बसलो होतो. आत नानांचे ओठ हलत होते, मध्ये बराच वेळ हलत नव्हते. डाव्या कानाने अकरा बरोबर आले. उजव्याने चार.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि मला विचारलं, "ह्यांच्याशी घरात बोलतं कोण?"

मी म्हटलं, आम्ही सगळेच. रोज बोलतो. मग काय बोलतो ते आठवून पाहिलं.

त्यांनी समजावून सांगितलं. उजव्या कानाला आवाज अजून पोचतो, पण शब्द सुटे होत नाहीत. यंत्र लावलं तर गोंगाट मोठा होईल, बोलणं कळणार नाही. त्या कानासाठी पैसे घालवू नका. डाव्याला लावून बघू, थोडा उपयोग होईल. आधी आलो असतो तर उजवा राहिला असता का, हे मी विचारलं. खात्रीने सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. राहिला नसता असंही त्या म्हणाल्या नाहीत.

डाव्या कानात यंत्र बसवल्यावर नानांनी खोलीभर पाहिलं. पंखा, खुर्ची सरकल्याचा आवाज, बाहेरची रिक्षा. बाईंनी त्यांना नाव विचारलं. ते माझ्याकडे पाहू लागले. मी तोच प्रश्न परत विचारला. ते हळू म्हणाले, "आवाज येस. बोलनं येत नही."

सवय होईल, दोन-तीन महिने लागतील, रोज समोर बसून बोला, असं सांगून बाईंनी आम्हाला पाठवलं. परत येताना एसटीत नानांनी रुमाल काढला आणि माझ्या हातावर टाकला. यंत्राचा भाव त्यांना हवा होता. मी एक बोट दाबलं, मग पंजा, मग तीन. अठरा. त्यांनी भुवया उंचावल्या, जोडीचे एवढेच का म्हणून. एकाचे, हे रुमालाखाली सांगायची खूण आमच्याकडे नाही. मी त्यांच्या उजव्या कानाला हात लावला आणि नकाराची मान हलवली. ते खिडकीबाहेर बघू लागले. शहादा येईपर्यंत रुमाल आमच्या हातांवर तसाच होता.

रोज संध्याकाळी मी आता समोर बसून बोलतो. आज जिनिंगमध्ये काय झालं, कापसाचा भाव काय, पोरीचा फोन आला का. कधी पाचातलं एखादं वाक्य पोचतं. तसाच एक प्लेअर महिन्याभराने त्या साइटवर दुसऱ्या कोणी एकोणसाठला विकला, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

शेवटचा हिशेब असा: डाव्या कानाच्या यंत्राचे अठरा हजार, नंदुरबारच्या त्या बाईंना, रोख, पावती नानांच्या नावावर. उरलेले एकतीस हजार नानांच्या बँकेतल्या खात्यात भरले. उजव्या कानासाठी कोणालाच काही द्यावं लागलं नाही.