मेल्याचा कोट

"भावजी, हे गेले," नलिनीवहिनी फोनवर म्हणाल्या, आणि मी विचारलं, "कुठे?" सुध्या न सांगता कुठेही जायचा, म्हणून विचारलं. पलीकडे फोन शेजारणीनं घेतला, मग कळलं. इथे सिंगापुरात, पुंगोलच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, मी रविवारच्या दोन कॉफ्या घेऊन बसलो होतो, त्यातली एक त्याची होती. दीड महिना झाला, पण त्या 'कुठे'ची लाज अजून जात नाही. सुध्या मात्र पोट धरून हसला असता.

आम्ही पुण्यातले कॉलेजपासूनचे मित्र, सिंगापूरलाही मागेपुढेच आलो. मी बँकेत चिकटलो, तो सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि वर त्याचाच पगार घ्यायचा! तेवढ्यानं भागेना म्हणून त्यानं एक छंद लावून घेतला: पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांचे कोट खरे की खोटे, ते ओळखायचे. का, ते मला विचारू नका. मी वीस वर्षं विचारलं. "अरे, जुना दिसावा म्हणून लबाड लोक कोट चहात बुडवतात!" एवढं सांगून तो स्वतःच खूश व्हायचा. इथल्या हौशी लोकांत त्याचा शब्द शेवटचा. कुणी कोट आणला की तो आधी अस्तर बघे, मग बटणांची मागची बाजू, मग काजांचे टाके, आणि सरतेशेवटी जांभळा, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. इथल्या फ्लॅटांत सरकारी नियमानं बांधलेल्या ज्या बिनखिडकीच्या बॉम्ब शेल्टरमध्ये आपण तांदूळ आणि बॅगा कोंबतो, त्यात शिरून दार लावायचं आणि अंधारात टॉर्च मारायचा. हल्लीचा दोरा त्या उजेडात निळा-पांढरा चमकतो, शंभर वर्षांपूर्वीचा चमकत नाही. चमकला की सुध्या "नकली!" असा ओरडे की शेजारी दार उघडून बघत.

वहिनींना हे सगळं मुळीच खपत नसे. "मेल्याचे कपडे घरात नकोत," त्या म्हणायच्या.

"मेल्याचे म्हणजे, त्या सैनिकाचे की माझे?"

"दोघांचेही!"

इतकी वर्षं दुसऱ्यांचे कोट तपासले, पण स्वतःचा असा एकही अस्सल कोट सुध्याकडे नव्हता. शेवटी तीन वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका आजीबाईंनी वडिलांचा कोट त्याला द्यायचं कबूल केलं. फोटोत सगळं बरोबर होतं. पोरीचं लग्न ठरल्यासारखा तो पार्सलची वाट बघत होता. आणि पार्सल आलं तेव्हा हा पठ्ठ्या ऑफिसच्या कामाला जकार्तात! मयताचा कोट म्हटल्यावर वहिनींनी आमच्या सदाशिव पेठेतल्या कुठल्याही बाईनं केलं असतं तेच केलं. शुभ्र धुणारी पावडर घालून तो बादलीत भिजवला, चोळला, पिळला आणि बाहेर बांबूवर वाळत घातला. शेजारीण म्हणाली, "आंटी, अंकल आर्मीत गेले, आह?" मग इस्त्री करून त्यांनी तो परत खोक्यात ठेवला आणि मला फोन केला.

"भावजी, बाही जरा आखडलीय. कळेल का हो यांना?"

"छे हो! बाही कोण मोजतंय?" मी अक्कल पाजळली.

सुध्या आला. आम्ही तिघं त्या शेल्टरमध्ये अंग चोरून उभे राहिलो. अस्तर बरोबर, बटणं बरोबर, टाके बरोबर. मग त्यानं टॉर्च लावला आणि कोट दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखा पेटला. सुध्यानं बाही उलटसुलट केली, कॉलरचा वास घेतला, एकदा वहिनींकडे बघितलं... आणि हळूच म्हणाला, "नकली." ओरडला नाही. मला वाटलं, मनाला लागलं असेल.

पुढे इंटरनेटवर मी वाचलं की धुण्याच्या पावडरीतली सफेदीही त्या उजेडात तशीच चमकते. म्हणजे कोट खरा होता, आणि चमकत होती ती पावडर! हे वहिनींना सांगायची अवदसा मला आठवली. झालं! तेव्हापासून 'आज सांगते, उद्या सांगते' करत त्यांनी तीन वर्षं काढली. सांगायला जायच्या, धीर व्हायचा नाही, मग त्याला आवडते म्हणून साबुदाण्याची खिचडी करायच्या. सुध्याचं वजन वाढलं.

तेराव्याला माणसं गेल्यावर त्या रडायला लागल्या. "आयुष्यात एकच खरा कोट मिळाला, तोही मी खोटा केला. आणि ते बिचारे तसेच गेले हो..." शेल्टर उघडून मी तो कोट काढला. तपासलेल्या प्रत्येक कोटाच्या आतल्या खिशात निकालाची चिठ्ठी ठेवायची सुध्याची सवय होती. याच्याही खिशात होती, कोट तपासला त्याच दिवसाची तारीख घातलेली. बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'अस्सल. चमक साबणाची, बाही हिने आखडवलेली. हिला कुणी काही बोलायचं नाही.'

वहिनींनी ती दोनदा वाचली. डोळ्यांतलं पाणी तसंच, आणि हसू आवरेना.

"मेल्याला सगळं माहीत होतं! आणि तीन वर्षं मुकाट्यानं खिचडी ओरपत बसला!"

कोट आता त्यांच्या कपाटात आहे, सुध्याच्या शर्टांशेजारी. मेल्याचे कपडे घरात नकोत, असं त्या हल्ली म्हणत नाहीत.