हौसाकाकूंच्या अंड्यांना टोचलेलं टॉनिक

अहो, माणसानं किती शहाणं असावं याला काही मर्यादा? मी ती ओलांडली, आणि तीही हातात सुई घेऊन! चहा गार होऊ दे, आधी हे ऐका.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. राहायला चऱ्होलीत. आमच्या सोसायटीच्या मागे हौसाकाकूंचं घर, जुनं, गावातलं. त्यांची अंड्यांवर नुकतीच बसवलेली कोंबडी मुंगसानं नेली आणि बारा अंडी उघडी पडली. माझ्याकडे अंडी उबवायचं छोटं मशीन होतं, हौसेनं घेतलेलं. काकू टोपली घेऊन थेट दारात.

"तुज्या पेटीत ठेव बाबा. जिवापाड जप."

जपली हो! सतरा दिवस लेकरासारखी जपली. अठराव्या दिवशी मोबाइलवर वाचलं, की मोठ्या हॅचरीत पिल्लू बाहेर यायच्या आधीच अंड्यात जस्त, तांबं, मँगनीज टोचतात. हाडं मजबूत होतात म्हणे.

झालं! क्वालिटीवाल्याला चांगली चाललेली गोष्ट सुधारल्याशिवाय राहवतं का? कोंबड्यांच्या टॉनिकची बाटली आणली, बारीक सुई आणली. बायको भाजीला गेल्यावर सात अंड्यांना एकेक थेंब टोचला आणि भोकांवर मेणबत्तीचं मेण लावलं. पाच तशीच ठेवली, तुलनेला. काकूंना विचारलं? छे! पैलवान पिल्लं दाखवून त्यांना चकित करायचं होतं ना.

एकविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, पेटीतून चिवचिव. झाकण उघडलं आणि माझी दातखीळच बसली.

पिल्लं काळी! नुसती लव नाही हो. चोच काळी, पाय काळे, नखंसुद्धा काळी! पाच पिल्लं, पाचही कोळशाच्या गोणीतून काढल्यासारखी.

"रोहिणी! धाव!"

बायको आली, वाकून बघितलं आणि दोन पावलं मागे सरकली. "अगंबाई! असं काय झालं यांना?"

"जस्तानं झालं असेल. किंवा तांब्यानं."

"कसलं तांबं?"

सांगावंच लागलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे, दुसऱ्याची अंडी ती! आधी जाऊन काकूंना सांग."

बुटांच्या खोक्यात पिल्लं घेतली आणि धावत सुटलो. काकूंच्या गोठ्यात जनावरांचे डॉक्टर म्हशीला लस टोचायला आलेले.

"काकू, माझ्या हातून पाप झालं!" म्हणत मी सुई, टॉनिक, मेण, सगळं एका दमात ओकलो.

काकूंनी खोकं उघडलं. "अगं बया! कशी गोजिरवाणी हायत!"

"काळी पडलीत काकू!"

"पडली नाहीत, जन्मतः काळीच," डॉक्टर म्हणाले. "कडकनाथ आहे ही जात. मांससुद्धा काळं असतं."

"भाच्यानं आणली व्हती अंडी," काकू म्हणाल्या.

"मग मला सांगितलं नाहीत?"

"तू इचारलंस व्हय?"

मला असा आनंद झाला, की म्हशीच्या पाया पडायचा तेवढा राहिलो. "म्हणजे माझ्यामुळे काहीच झालं नाही!"

"थांब," काकू म्हणाल्या. "अंडी बारा व्हती. पिल्लं पाच. बाकीची?"

"ती... नाही उबली."

"आन् टोचलीस किती?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेटीत उरलेली सातही अंडी मेणासकट तशीच पडून होती. जी जगली त्यांना माझ्या टॉनिकचा थेंबही लागला नव्हता!

"सात," मी कसंबसं म्हणालो.

डॉक्टरांनी डोळे मिटले. "अहो, ते काम मशीनवर, निर्जंतुक सुईनं, मोजून मापून करतात. मोठ्या कोंबड्यांचं टॉनिक कोवळ्या जिवाला?"

काकू पदरात पाच पिल्लं घेऊन बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी मान खाली घालून उभा.

शेवटी त्या डॉक्टरांकडे वळल्या.

"डॉक्टर, म्हशीचं झालं आसंल तर ती मोटी सुई इकडं आना. ह्याच्या डोक्यात शानपन लई साचलंय, थोडं उपसून निघतंय का बगा."